सिस्टीम घेत नाही

आमच्याकडं हल्ली एक वाक्य सारखं कानावर येतं, ‘सिस्टीम घेत नाही.’ बँकेत जा, सेवा केंद्रात जा, तालुक्याला जा, उत्तर तेच. पारावर कुणी कुणी हसून म्हणतं, पूर्वी साहेब घेत नव्हता, आता सिस्टीम घेत नाही, आपल्याला काय फरक पडला? मला मात्र फरक मोठा वाटतो. साहेब घेत नव्हता तेव्हा ‘का घेत नाही?’ असं त्याच्या तोंडावर विचारता यायचं. चारचौघांत त्याला लाजवता यायचं. सिस्टीमला कोण लाजवणार?

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. चाळीसच्या वर वर्षं जिराईत रान कसतोय. बाजरी, तूर, पाऊस बरा झाला तर कांदा. मला मोबाइलचा राग नाही. कांद्याचा भाव घरबसल्या कळतो, लांबच्या नातवाचं तोंड दिसतं, हे काही थोडं नाही. आणि जुने दिवस सोन्याचे होते असंही मी म्हणणार नाही. पिकाच्या नोंदीचंच बघा. कुठल्या गटात कुठलं पीक, किती क्षेत्रावर, हे तलाठ्यानं रानात हिंडून गाव नमुना 12 वर लिहायचं, असा नियम होता. कितीतरी पाहण्या चावडीत बसूनच उरकल्या जायच्या. रानात तूर डोलतीय आणि उताऱ्यावर बाजरी, असं व्हायचं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद आपणच करायची. विचार म्हणून मला तो पटला. आपल्या रानाची साक्ष आपण द्यायची, यात मान आहे.

पण साक्षीच्या कामाबरोबर दोषही आपल्याच गळ्यात आला. शिवारात रेंज नसते, म्हाताऱ्या खातेदाराकडं साधा फोन असतो, मुदत सरून जाते. नोंद राहिली की कागदाच्या लेखी एकच कारण, शेतकऱ्यानं केली नाही. विम्याचंही तसंच होतं. गारपिटीनं पीक झोपलं तर 72 तासांत कळवा म्हणायचे. त्या तीन दिवसांत माणूस घरावरचे उडालेले पत्रे गोळा करत असायचा, वीज गेलेली असायची, फोन मेलेला असायचा. पीक गेलं हे सगळ्या शिवारानं बघितलेलं असायचं, तरी ते मोजलं जायचं नाही. कळवायला झालेला उशीर तेवढा मोजला जायचा.

माझ्या शेजारच्या एका म्हातारीची गोष्ट सांगतो. एका योजनेच्या पैशासाठी तिला अंगठा द्यायचा होता. तीन खेपा झाल्या, अंगठा जुळेना. जुळणार कसा? जन्मभर खुरपं धरून, शेणात-मातीत राबून रेघा पुसून गेलेल्या. मशीनवर बसलेला पोरगा आमच्याच गावचा. लहानपणी हिच्याच ओसरीवर तो खेळला, हिच्या हातची भाकरी खाल्ली. तो म्हणाला, “आजी, मी वळखतो गं तुला, पण सिस्टीम घेत नाही.” त्यावर ती एवढंच बोलली, “मग तुझ्या वळखीचा काय उपेग, बाळा?”

हा सवाल मला कित्येक दिवस सोडेना. पोराचं चुकलं नव्हतं, त्याच्या हातात काही ठेवलेलंच नव्हतं. त्याला दिसत होतं ते खरं होतं, पण ते लिहायला पडद्यावर जागा नव्हती. आता काही योजनांत चेहरा दाखवूनही ओळख पटते, चांगलं आहे. पण उद्या चेहराही जुळला नाही तर? माणूस समोर जिता उभा असताना त्याला ‘तू तू नाहीस’ असं सांगायचा हक्क कुणाला आहे?

यावर एक शहाणा सवाल येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ओळखीवर सोडलं तर ओळखीच्यांचंच भलं होणार नाही का? होतं. वशिला आम्ही बघितलाय. लबाडी आमच्यातही आहे. 2023 च्या खरिपात 1 रुपयात पीक विमा आला, तेव्हा सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर विमे उतरवल्याचं पुढं उघडकीला आलं. म्हणजे पुरावा नको असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पुरावा पाहिजेच. पुराव्याच्या मागं बघायला कुणी आहे का, एवढंच मला विचारायचंय.

आपल्या मुलखात हा प्रश्न आधी एकदा उठलेला आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाचे रोखे जाळले. ते लोण आणखी गावांत गेलं. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा ज्या कागदावर घेतलेला, तो कागद कोर्टात शेवटचा शब्द होऊन बसला होता. जाळपोळ बरी असं मी म्हणत नाही. पण पुढं 1879 साली इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोख्यावर लिहिलंय तेवढ्यावर न थांबता, देण्याघेण्याची मुळापासूनची हकीकत कोर्टानं तपासावी, असं त्यात होतं. सावकारी त्यानं संपली नाही. पण कागदाच्या मागं जाऊन बघावं लागतं, हे परक्या सरकारालाही मान्य करावं लागलं.

सुप्याच्या लोकांना निदान कुणाच्या दारात जायचं हे ठाऊक होतं. आम्हाला दारच सापडत नाही. गावातला म्हणतो तालुक्याला जा, तालुका म्हणतो वरून बंद आहे, वरचा म्हणतो तक्रार ऑनलाइन करा. पुढारीही आता तेच सांगतात, सगळ्या पक्षांचे. मत मागायला मात्र ते स्वतः येतात. उंबऱ्यात बसतात, म्हातारीच्या पाया पडतात. तेव्हा कुणाला तिचा अंगठा जुळवून बघावा लागत नाही.

मला वाटतं, ज्याच्या हातात ‘नाही’ म्हणायची सत्ता आहे, त्यानं नाव-गाव धारण करून समोर बसलं पाहिजे. मशीन चालू द्या, फोटो घ्या, अंगठे घ्या. पण प्रत्येक गावासाठी एक माणूस असा हवा की तो रानात येऊन बघेल, चारचौघांना विचारील, आणि ‘सिस्टीम घेत नसली तरी मी घेतो’ असं लिहून खाली सही करील. त्यानं खोटं लिहिलं तर त्याला धरता येईल. आणि खरं लिहिलं, तर त्या पोरासारख्या माणसाच्या ओळखीला पुन्हा काही किंमत येईल.