यादीत पहिलं पान



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

आज सकाळी बाल्कनीतल्या कुंडीतला पालक पहिल्यांदा काढला. पेरून सहा आठवडे झालेत. पालक उपटायचा नाही. बाहेरची मोठी पानं देठाशी कापायची आणि मधला कोंब तसाच ठेवायचा, म्हणजे पुन्हा पानं येतात. "अजून जरा वाढू दे" म्हणत फार थांबलं, तर पानं जून होतात. ऊन तापलं की झाड फुलोऱ्यावर येतं आणि पानं कडवट लागतात.

मूठभर पानं धुऊन देवापुढे ठेवली आणि श्लोक वाचला. भगवंत म्हणतात, पान, फूल, फळ, पाणी, यातलं काहीही भक्तीनं दिलं तर मी ते खातो. बघा, यादीत पहिलं पान आहे! रोपालाही आधी पानच येतं, फूल-फळ नंतर. आपण मात्र म्हणतो, जरा सगळं मार्गी लागू दे, मग देवाचं बघू. देव तर पानावरही खूश आहे.

पण श्लोकाचा शेवटचा शब्द आहे 'प्रयतात्मनः', म्हणजे शुद्ध मनाच्या माणसाचं. तिथे मी अडकले.

तीन आठवड्यांपूर्वी याच कुंडीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळलं. त्या सांगायला आल्या. कुंडीखाली ताटली नव्हती, चूक माझीच. तरी मी उलट बोलले. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की मी मोबाइलमध्ये बघते. ज्या पालकापायी भांडले, तोच देवाला दाखवत होते!

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. मला भाजीपायी शेजारच्या माणसातला विठ्ठल दिसेनासा झाला होता.

अर्धी पानं कागदात गुंडाळली आणि खाली गेले. बेल वाजवताना हात थरथरत होता, खरंच.

"काकू, त्या दिवशी माझं चुकलं."

काकू क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता ताटली ठेवलीयस ना?"

"हो, ठेवलीय."

त्यांनी पानं घेतली. बस, एवढंच. चहा नाही, गप्पा नाहीत. पण वर येऊन पुन्हा देवापुढे बसले, तेव्हा वाटलं, नैवेद्य आत्ता पोचला.

माफी मागणंही पालेभाजीसारखंच असतं. वेळेत काढली तर कोवळी, ठेवून दिली की जून आणि कडू. आणि मधला कोंब शाबूत असेल, तर नातं पुन्हा फुटतं.

आजचा संकल्प : तुमच्याकडे असं कोणतं पान काढायचं राहिलंय? मोठं व्हायची वाट बघू नका. आजच द्या.

जय हरी! 🙏