सहल आणि सोबत

निवृत्तीनंतर माणसाचे उत्पन्न घटते, तशाच त्याच्या रोजच्या भेटीगाठीही घटतात. फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या शहरात, जिथे ओळखी पुष्कळदा कामाच्या पाळीतूनच जुळतात, ही उणीव विशेष जाणवते. म्हणून ज्येष्ठ नागरिक संघाने, म्हणजे निवृत्तांनी स्वतः चालवलेल्या मंडळाने, सहलीला निव्वळ करमणूक मानू नये. १९८७ साली सुरू झालेला, शहरालगतच्या सूरजकुंडचा हस्तकला मेळा आणि २०१५ मध्ये शहरात पोहोचलेली मेट्रो यांमुळे अशी सहल आवाक्यात आली आहे. मात्र ती सर्वांत सावकाश चालणाऱ्या सभासदाच्या गतीने आखली, विसाव्याच्या जागा व औषधांच्या वेळा आधीच ठरवल्या आणि हिशेब, निरोप, तिकिटे ही कामे सभासदांतच वाटून दिली, तर आपली कोणाला तरी गरज आहे, हा विश्वास प्रत्येकाला पुन्हा लाभतो.