गुरूचा श्वास

चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगाव भागात जत्रा आणि लग्नसराई सुरू झाली, की मंचर-नारायणगावच्या रस्त्यांवर बँडमधले क्लॅरिनेट ऐकू येते. रीडच्या एका पातळ पत्तीवर वादकाचा श्वास कंप पावतो आणि साऱ्या वरातीला सूर मिळतो. वादकाला बक्षिसी मिळते. त्याला फुंक धरावयास ज्याने शिकविले, त्याची चौकशी कोणी करीत नाही. मग प्रश्न उभा राहतो: कलावंताने उमेदीची वर्षे मुलांना शिकविण्यात वेचली, तर त्याची कला वाढली की उणावली?

उत्तर शोधताना आम्हांस गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) आठवतात. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यातून त्यांचे नाव घरोघर पोचले, माणूस मात्र पडद्याआडच राहिला.

याला अपयश म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. श्वास रोखून धरला तर क्लॅरिनेट मुके राहते. विद्येचेही तसेच आहे. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःस वराचा मित्र म्हणवीत असे. वराचा आवाज ऐकूनच त्याचा आनंद परिपूर्ण झाला. शिष्याच्या सुरात आपला श्वास ओळखणाऱ्या गुरूचा आनंद याच जातीचा असतो.

मात्र हा आनंद गुरूचा आहे म्हणून आपले ऋण फिटत नाही. गावच्या बँडमास्तराकडे मुले धाडावीत, त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याचे नाव मुलांच्या ओठी राहील असे पाहावे.