डिफरन्शियलचा न्याय

चिरंजीवांचा रिमोटवरचा ट्रक तिसऱ्यांदा बंद पडला. मोटर घुंई घुंई करते, ट्रक जागचा हलत नाही. मागची डबी उघडली, तर डिफरन्शियलच्या दात्यांचा चुरा!

"साहेब, उडी मारताना चाकं हवेत गरगरतात," मेकॅनिक म्हणाला. "खटका दाबलेलाच ठेवून खाली आपटलं की दाते तुटणारच. हवेत असताना जोर सोडायचा."

हे यंत्र मोठं न्यायी बरं का! वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, म्हणून वेग ज्याचा त्याला, जोर मात्र दोघांना सारखा. पण एक चाक हवेत गेलं, की त्याला पेलेल तेवढाच जोर जमिनीवरच्याला मिळतो. म्हणजे जवळजवळ शून्य!

आमच्या बँकेतही हाच न्याय. पगार सारखा, एक जण टपरीवर गरगरतो, दुसरा खिडकीमागे रुतलेला. दुसरा अर्थातच मी.

"आणि घरात?" कुकर लावता लावता सौ.नं विचारलं.

घरात आम्ही समानतावादी. निर्णय दोघांचे, धुणीभांडी जमिनीवरच्या चाकाकडे. सारखं वाटलं म्हणजे न्याय झाला, असं मी वीस वर्षं समजत होतो.

दोन्ही चाकं एकत्र जाम करता येतात. पण मग वळताना ती एकमेकांशी भांडतात. म्हणून मेकॅनिकनं दाते बदलून आत घट्ट सिलिकॉन तेल भरलं. हवेतल्याला थोडी ओढ, जमिनीवरच्याला थोडा जोर.

ट्रक आता धावतो. मी कांदा चिरतोय. जरा ओढ बसते, पण चालायचंच!