आरोपीचा कैवारी



मागे एकदा मिस्सानंतर एका तरुण वकिलाने आम्हांला अंगणात गाठले. फौजदारी कोर्टात त्याची वकिली नुकतीच सुरू झाली आहे. “फादर, ज्याने गुन्हा केला असावा असे मला वाटते, त्याचा बचाव करणे पाप आहे का?” शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी आमच्याआधीच उत्तर दिले, “पाप नाही तर काय?” आम्ही हसून विषय टाळला. तो टाळायला नको होता.

अन्यायाची बाजू जाणूनबुजून लढवणारा वकील पाप करतो, असे संत थॉमस अक्विनस सांगतात. मग आरोपीच्या वकिलाची बाजू कोणती? गुन्हा योग्य होता, असे तो म्हणत नाही. पुरावा दाखवा, साक्ष तपासा, मगच शिक्षा द्या, एवढेच तो मागतो. ही मागणी न्यायाचीच आहे. घटनेच्या 22 व्या कलमाने अटक झालेल्याला वकिलाचा हक्क दिला आहे. बार कौन्सिलचा नियमही सांगतो, की दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने आरोपीचा बचाव करावा. मात्र खोटा साक्षीदार उभा करणे, कागद बदलणे, फिर्यादी स्त्रीची अब्रू काढणे हे बचावात बसत नाही. तेथे पाप सुरू होते.

प्रायश्चित्तकाळात आपण दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची गोष्ट ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली आणि जमावाने तिला मरणदंड ठरवला. दानिएलने दोघांना वेगवेगळे करून विचारले, कोणत्या झाडाखाली पाहिले? उत्तरे जुळली नाहीत. सुसान्ना निर्दोष आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. त्या जमावाला ते ठाऊक नव्हते. कोणीतरी प्रश्न विचारल्यावरच ते कळले.

आपल्या उपनगरांतही असे घडले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे अनेक वकिलांनीच ठरवले होते. गोरेगावच्या फहीम अन्सारीवर हल्लेखोरांसाठी नकाशा काढल्याचा आरोप होता. कुर्ल्याचे अ‍ॅड. शाहिद आझमी त्याच्यासाठी उभे राहिले. आझमी स्वतः कोवळ्या वयात टाडाखाली तिहार तुरुंगात गेले होते. तेथेच पुन्हा शिकू लागले आणि बाहेर येऊन वकील झाले. मेलेल्या अतिरेक्याच्या रक्ताळलेल्या कपड्यांत सापडलेल्या नकाशावर रक्ताचा डाग कसा नाही, हा बचावाचा साधा प्रश्न होता. 11 फेब्रुवारी 2010 रोजी आझमींना त्यांच्या कुर्ल्याच्या ऑफिसात गोळ्या घालून ठार मारण्यात आले. वय अवघे 32. त्याच वर्षी 3 मे रोजी ज्या न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले, त्यानेच अन्सारीला या खटल्यातून निर्दोष सोडले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम केल्या.

ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांना हे ऐकणे जड जाते. कधी दोषीही सुटतो. ते दुःख आम्ही हलके करणार नाही. पण चुकीच्या माणसाला शिक्षा झाली, तर मेलेल्याला न्याय मिळत नाही आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो.

योहानाच्या पहिल्या पत्रात येशूला पित्याजवळचा आपला कैवारी म्हटले आहे. आपण निर्दोष आहोत म्हणून तो आपल्यासाठी उभा राहिला नाही. सैतान या शब्दाचा अर्थ मात्र आरोप करणारा असा होतो.

आपल्याच धर्मग्रामातील एका मुलाला पोलिसांनी नेले, तेव्हा खटला उभा राहण्याआधीच चर्चच्या पायऱ्यांवर त्याचा निकाल लागला होता. त्याची आई तेव्हापासून पहाटेच्या मिस्साला येते, कोणी भेटू नये म्हणून. तिच्या मुलाला वकील मिळाला. तिला शेजारी मिळाले नाहीत. त्यात आम्हीही आलो, कारण तिच्या घरी जायला आम्हांला तीन आठवडे लागले.

त्या तरुण वकिलाला आमचे उत्तर: बाळा, केस घे, खोटे बोलू नकोस. आणि आपणां सर्वांना विनंती: या रविवारी कोणाविषयी काही कानावर आले, तर पुढे सांगण्याआधी दानिएलसारखा एक प्रश्न विचारा.