मंडई उठल्यावर

भाऊबीज झाली की आमच्या मोहाडी तालुक्यात रोजच्या कॅलेंडरपेक्षा मंडईचं वेळापत्रक महत्त्वाचं ठरतं. हलका धान बराचसा कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, शाळांना सुट्ट्या असतात. या मधल्या दिवसांत आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवेल. आमची मंडई वेगळी. गोवारी बांधव ढाल नाचवत आणतात, तळ्यातले शिंगाडे आणि ऊस विकायला येतात, जिलेबीच्या कढया चढतात, माहेरवाशिणी पोराबाळांसह येतात, आणि गर्दीतच कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी सुरू होतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत ही उघड्यावरची लोकनाट्यं, रात्री नाटक. ज्या घरी मंडईला पाहुणा नाही, त्या घराला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

या सगळ्यात माझं लक्ष असतं ते सोंगाड्याकडे.

खडी गंमत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नावातच आहे तशी ती उभ्यानं करायची. पडदा नाही, विंग नाही, मंच असला तर असला. हातात डफ घेतलेला शाहीर, मागे सूर धरणारे झिलकरी, ढोलकी, स्त्रीवेश केलेला नाच्या आणि सोंगाड्या. गण होतो, गवळण होते, मग प्रसंग रंगतो. कधी दोन शाहिरांचा सामना लागतो, एक कलगी पक्षाचा आणि एक तुरा पक्षाचा, आणि सवाल-जवाबात दुपार कधी कलली ते कळत नाही. शाहीर पुराणातलं कोडं घालतो तेव्हा म्हातारी माणसं पुढे सरकून बसतात. पण पोरांना जागेवर खिळवून ठेवतो तो सोंगाड्या. चेहऱ्याला पांढरा रंग, गबाळं धोतर, टोपी तिरकी, चाल त्याहून तिरकी.

नीट पाहिलं तर सोंगाड्याच्या कामात एक ठरलेला क्रम दिसतो. तो आला की आधी स्वतः फजीत होतो. पडतो, मार खातो, आपल्या बायकोचं आपल्याविषयी काय मत आहे ते सांगतो, आपल्या अकलेचा पंचनामा करतो. लोक पोटभर हसतात. त्यानंतरच तो हळूच राजाकडे वळतो, सावकाराकडे वळतो, सरपंचाकडे वळतो. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेला पुढारीही त्याच्या तावडीतून सुटत नाही. आणि गंमत अशी की तो पुढारीही हसतो. हसावंच लागतं, कारण समोरच्यानं आधी स्वतःची अब्रू भर चौकात मांडलेली असते. आपली कातडी वाचवून दुसऱ्याची खेचणारा माणूस वेगळा. त्याला आमच्याकडे सोंगाड्या म्हणत नाहीत, त्याच्यासाठी दुसरे शब्द आहेत आणि ते वर्तमानपत्रात छापता येत नाहीत.

या परंपरेतल्या एका माणसाला 2023 साली पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धानाच्या पट्ट्याच्या, रंगभूमीवर त्यांनी पाच हजारांवर प्रयोग केले, आठशेच्या आसपास वेगवेगळ्या भूमिका केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी लोकांना हसवणाऱ्या. लोकांनी त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हटलं. एका विनोदी नटाला राष्ट्रपती भवनात टाळ्या मिळाल्या, याचा आनंद वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला. तो खराच होता. पण त्या आनंदात मला माझ्या शाळकरी वयातली एक गोष्ट आठवली आणि ती आजही नीट गिळता येत नाही.

मी सातवीत होतो. मंडईत एका शेजारच्या गावच्या पार्टीची खडी गंमत झाली. त्यात नाच्याचं काम करणारा पोरगा विशीचा असेल. नऊवारी, गजरा, पायात चाळ. त्याची आणि सोंगाड्याची जोडी अशी जमली की लोकांनी नोटा अक्षरशः डोक्यावरून ओवाळल्या. आम्ही पोरं तर खुळी झालो. दोन दिवसांनी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाताना तोच पोरगा बांधीत कापणीला लागलेला दिसला. फाटकी बनियन, डोक्याला दुपट्टा, हातात विळा. आमच्यातल्या एकानं त्याला हाक मारली, त्या प्रयोगातल्या बाईच्या नावानं. मग आम्ही सगळ्यांनीच मारली. कमरेवर हात ठेवून मी त्याच्यासारखी चाल करून दाखवली. माझी नक्कल चांगली उतरली असावी, कारण सगळ्यात जास्त हशा मलाच मिळाला. त्यानं एकदा वळून पाहिलं आणि तो पुन्हा खाली वाकला. त्याच्या शेजारी त्याची आई कापत होती. तिनंही मान वर केली नाही.

किती वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की त्यात काय एवढं, तो स्वतःच तर मंडईत आम्हाला हसवत होता. या समजुतीतली खोट मला फार उशिरा कळली, आणि तीही आपल्या मातीतल्या नव्हे, दूरच्या विदूषकांविषयी वाचताना.

1986 साली न्यूयॉर्कमध्ये मायकेल क्रिस्टेन्सन या सर्कशीतल्या विदूषकानं रुग्णालयातल्या मुलांसाठी विदूषक पाठवायला सुरुवात केली. नंतर जगभर अशी मंडळं निघाली. आपल्याकडे दिल्लीतही अशी स्वयंसेवक मंडळी लाल नाक लावून मुलांच्या वॉर्डात जातात.  या कामातली एक रीत मला फार मोठी वाटली. विदूषक थेट खाटेजवळ जात नाही. तो दारात थांबतो आणि मुलाला विचारतो, येऊ का आत? मूल नाही म्हणालं, तर तो वाकून नमस्कार करून निघून जातो. त्या मुलाला सुई नाकारता येत नाही, औषध नाकारता येत नाही, डॉक्टर नाकारता येत नाही. अख्ख्या दिवसात त्याला नाही म्हणता येईल असा एकच माणूस आत येतो, तो हा. आणि पुष्कळदा त्या नकारानंच मुलाच्या चेहऱ्यावर पहिलं हसू उमटतं.

हे वाचलं आणि मला धुरा आठवला. मंडईच्या दिवशी त्या पोरानं आम्हाला आत या म्हटलं होतं. साडी नेसून, रंग लावून, चाळ बांधून त्यानं स्वतःहून आपला देह हसण्यासाठी पुढे केला होता. रंग पुसला, चाळ सोडले, तेव्हा ते दार त्यानं लावून घेतलं. आम्ही मात्र विळा घेऊन वाकलेल्या माणसाच्या घरात न विचारता घुसलो, तेही त्याच्या आईसमोर.

आता हे घुसणं फार सोपं झालंय. कुणी बाजारात पाय घसरून पडलं, कुणी दारूच्या नशेत नाचलं, कुणा म्हाताऱ्या बाईला एटीएममधून पैसे काढता आले नाहीत, की खिशातून फोन निघतो. संध्याकाळपर्यंत तो तुकडा तालुकाभर फिरतो, वर हसणारे चेहरे टाकून. मी अशा चित्रफिती पाहिल्याच नाहीत असं म्हणालो तर खोटं ठरेल. पाहिल्या आहेत, एकदोन पुढेही पाठवल्या आहेत. आमच्या सोंगाड्याचा क्रम इथे उलटा झालेला असतो. पडतो दुसराच, आपण फक्त फोन धरतो. ज्याच्यावर गाव हसतंय त्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि उलटून उत्तर द्यायला त्याच्याकडे ना डफ असतो ना पाळी. सामन्यात तुऱ्यानं सवाल टाकला तर कलगीला जवाबाची पाळी मिळतेच. हा साधा न्याय खडी गंमतीच्या फडात आहे, आमच्या व्हॉट्सॲप गटात नाही.

एक कबुली आणखी द्यायला हवी. हसवणाऱ्याला आपण मान देतो तो बहुतेक वेळा नोटेच्या रूपानं, आणि तोही हवेत फडकवून. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला 5,000 रुपये मानधन देतं, त्यासाठी वयाची, उत्पन्नाची अट आहे आणि कला केल्याचे पुरावे लागतात. आयुष्यभर उभ्यानं गंमत केलेल्या माणसाकडे पुरावा काय असणार? जुनं एखादं मंडईचं पत्रक, त्यावर पार्टीचं नाव असतं, नाच्याचं नसतं. शाहिराचं नाव ठळक छापतात. सोंगाड्याचं कधी असतं, कधी नसतं. गावातल्या शाळेनं, ग्रामपंचायतीनं दर वर्षी मंडई झाल्यावर पार्टीतल्या प्रत्येकाचं नाव आणि काम लिहून एक सहीशिक्क्याचं पत्र दिलं, तर म्हातारपणी कुणाला दारोदार फिरावं लागणार नाही. त्याला पैसा लागत नाही, एक कागद लागतो.

तो पोरगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गेल्या वर्षी चौंडेश्वरी देवीच्या देवळाबाहेर तो मला दिसला, नातीला खांद्यावर घेऊन. मी जवळ गेलो, त्याला भाऊ म्हणालो आणि सातवीतल्या त्या सकाळविषयी बोललो. त्याला ती आठवत नव्हती, किंवा आठवत नसल्याचं त्यानं दाखवलं. मला म्हणाला, "असे लई पोट्टे होते गा, कोना-कोनाले ध्यानात ठेवू?" मग नातीकडे वळून त्यानं भुवया अशा काही उडवल्या की ती खिदळली. मी त्याचं खरं नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते मला माहीतच नव्हतं.

यंदा तुमच्या गावची मंडई उठली की दुसऱ्या दिवशी तो सोंगाड्या, तो नाच्या तुम्हाला बांधीत, दुकानात किंवा एसटीच्या थांब्यावर भेटेल. त्याचं नाव आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि हाक मारायची तर त्याच नावानं मारा.