प्रलय आणि पंधरावे वर्ष

प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या प्रलयकथांची परंपरा युरोपीय वाङ्मयात दोनशे वर्षांची आहे. मेरी शेली यांच्या १८२६ सालच्या ‘द लास्ट मॅन’ या कादंबरीत एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने मानवजात नामशेष होते आणि मागे उरलेला एकटा पुरुष रोमच्या ओस वास्तूंमधून हिंडत माणसाच्या गेलेल्या कर्तृत्वाची आठवण काढतो; नेव्हिल शूट यांच्या १९५७ सालच्या ‘ऑन द बीच’मध्ये उत्तर गोलार्धातील अणुयुद्धानंतर किरणोत्सारी हवा दक्षिणेकडे सरकत असताना मेलबर्नमधली माणसे उरलेले महिने बागकाम, नोकरी आणि मोटारींच्या शर्यती यांत घालवतात. या दोन्ही कादंबऱ्यांत जे बुडते ते जगून झालेले, उपभोगलेले आणि बहुतांशी आपल्याच हातांनी बिघडवलेले जग असते, त्यामुळे त्यांचा स्थायीभाव शोक हा असतो आणि वाचकाला तो शोभूनही दिसतो. या शेवटच्या माणसाच्या जागी पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी केली की मात्र कथेचा रसच बदलतो, कारण तिच्याजवळ आठवायला फारसे काही नसते आणि जे हातून जात आहे ते अजून हाती आलेलेच नसते. शोकाची जागा तेथे क्रोध घेतो, आणि क्रोधाला आलंबन लागते. ते आलंबन बहुधा आईवडिलांची पिढी असते. किशोरांसाठी लिहिलेल्या प्रलयकथांचा खरा विषय मरण हा नसून मोठ्यांची विश्वासार्हता हा आहे, आणि या प्रकारातील पुस्तकांचे बरेवाईटपण हा विषय ती किती निर्भीडपणे हाताळतात यावरूनच ठरवावे लागते.

‘यंग अडल्ट’ म्हणून ओळखला जाणारा, साधारणपणे बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीचा साहित्यप्रकार अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थिरावला, आणि त्याविषयी बोलताना मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी पौगंडावस्थेविषयी मांडलेले एक मत उपयोगी पडते. एरिक्सन यांच्या मते आपण कोण होणार या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी समाज तरुणाला एक मुदत देतो, जिच्या काळात त्याने चुका कराव्यात, सोंगे पालटून पाहावीत आणि तरीही त्याच्यावर पूर्ण जबाबदारी येऊ नये असा अलिखित करार असतो. या करारात समाजाने गृहीत धरलेली एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही, ती अशी की मुदत संपल्यावर जग जागेवर असेल. प्रलयकथा नेमके हेच गृहीतक काढून घेते.

रॉबर्ट ओब्रायन यांची ‘झी फॉर झकारिया’ ही कादंबरी १९७४ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. अपुरे राहिलेले शेवटचे भाग पत्नीने आणि मुलीने त्यांच्या टिपणांवरून पुरे केले होते. अणुयुद्धानंतर एका बंदिस्त खोऱ्यात, केवळ तेथल्या हवामानाच्या वेगळेपणामुळे, ॲन बर्डन नावाची मुलगी जिवंत राहते. बाहेर कोणी उरले आहे का हे पाहायला गेलेले तिचे घरचे लोक परत येत नाहीत, आणि ती सोळाव्या वर्षात पाऊल टाकत असताना शेती, गाय, कोंबड्या यांच्या आधाराने एकटी दिवस काढते. तेव्हा किरणोत्सारापासून रक्षण करणारा प्लास्टिकचा पोशाख घातलेला लूमिस हा रसायनशास्त्रज्ञ खोऱ्यात येतो. ओढ्याच्या दूषित पाण्यात आंघोळ केल्याने तो आजारी पडतो, ॲन त्याची शुश्रूषा करते, मनातल्या मनात त्याच्याशी लग्न करून खोरे पुन्हा वसवण्याचा विचारही करते, आणि बरा झाल्यावर तोच माणूस कोठारावर, शेतीवर व शेवटी तिच्या शरीरावर ताबा सांगू लागतो.

या कादंबरीचे सामर्थ्य तिच्या अत्यंत कोरड्या हिशेबीपणात आहे. लूमिस राक्षस नाही. तो शहाणा, शिकलेला, पिकांचे आणि यंत्रांचे नियोजन करणारा माणूस आहे, आणि त्या एकमेव पोशाखासाठी आपल्या सहकाऱ्याला ठार मारताना त्याने वापरलेली व्यवहारबुद्धी हीच त्याच्या नियोजनातही दिसते. ज्या बुद्धीने बॉम्ब तयार झाला तीच बुद्धी बॉम्बनंतरच्या शेतातही नांगर धरून उभी आहे, हे ओब्रायन कोठेही विधान म्हणून लिहीत नाहीत, पण ॲनच्या रोजनिशीतील नोंदींवरून वाचकाला ते उलगडत जाते. ॲन अखेरीस त्याचा पोशाख घेऊन खोऱ्याबाहेर पडते, म्हणजे पृथ्वीवरील तिला ठाऊक असलेली एकमेव सुरक्षित जागा ती एका प्रौढ माणसामुळे सोडते. २०१५ साली निघालेल्या चित्रपटात ॲनचे वय वाढवण्यात आले आणि एक तिसरे पात्र घालून प्रेमाचा त्रिकोण रचण्यात आला. नायिका प्रौढ होताच कथेतला आरोप गळून पडला आणि उरला तो नातेसंबंधांचा पेच, जो प्रलयाशिवायही मांडता आला असता.

आरोप हा शब्द ज्या पुस्तकाला सर्वांत नेमका लागू पडतो ते जर्मन आहे. गुडरून पाउझेवांग यांची शेवेनबोर्नच्या अखेरच्या मुलांविषयीची कादंबरी १९८३ मध्ये आली, ज्या वर्षी पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे तैनात होण्यास आरंभ झाला आणि त्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले. शेवेनबोर्न हे गाव काल्पनिक असले तरी ते हेसेमधील श्लिट्स या लेखिकेच्या गावावर बेतलेले आहे, आणि कथेत ज्या फुल्डा शहरावर बॉम्ब पडतो त्याच्या परिसरातील सखल पट्टा वॉर्सा कराराच्या रणगाड्यांचा संभाव्य मार्ग म्हणून नाटोच्या युद्धयोजनांत खरोखरच धरलेला होता. सुट्टीत आजीआजोबांकडे निघालेल्या कुटुंबातला, तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा रोलांड ही कथा सांगतो. भाजलेली माणसे, साथ, उपासमार, हिवाळा आणि विकृत अवयवांनिशी जन्मलेले भावंड अशा क्रमाने त्याचे घर संपत जाते. काही वर्षांनी वडील उरलेल्या मुलांसाठी शाळा उघडतात, तेव्हा ती मुले त्यांना जाब विचारतात की हे होऊ नये म्हणून तुम्ही काय केले होते, आणि वडिलांजवळ सांगण्यासारखे काही नसते.

हा प्रश्न जर्मन वाचकाने आधी ऐकलेला होता. १९६० च्या दशकात वयात आलेल्या पिढीने नाझी राजवटीबद्दल आपल्या आईवडिलांना हेच विचारले होते, आणि बहुतेक घरांत त्याला असेच मौनाचे उत्तर मिळाले होते. पाउझेवांग यांचा जन्म १९२८ चा, म्हणजे त्या स्वतः नाझी काळात वाढलेल्या, आणि किशोरवयात आपण त्या राजवटीने भारावून गेलो होतो हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. त्यामुळे त्या मुलांच्या तोंडी येणारा आरोप एका प्रौढ लेखिकेने आपल्याच पिढीवर, आणि स्वतःवरही, ठेवलेला आहे. भूतकाळातील गुन्ह्यासाठी विचारला गेलेला प्रश्न अजून न घडलेल्या गुन्ह्यासाठी आगाऊ विचारून ठेवणे ही या कादंबरीची युक्ती आहे, आणि तिच्यात विज्ञानकथेचा उपयोग भविष्य वर्तवण्यासाठी केलेलाच नाही. चेर्नोबिलच्या १९८६ मधील दुर्घटनेनंतर त्यांनी लिहिलेल्या ‘डी वोल्के’ (१९८७) या कादंबरीत हाच पवित्रा अधिक संयमाने येतो. ग्राफेनराइनफेल्ड येथील अणुवीज केंद्रातील कल्पित अपघातात आईवडील, भावंडे आणि डोक्यावरचे केस गमावलेली चौदा वर्षांची यान्ना-बेर्टा, सगळे अवास्तव घाबरतात असे मानणाऱ्या आजोबांसमोर टोपी काढून उभी राहते.

अशी पुस्तके मुलांना घाबरवतात, हा आक्षेप जर्मनीत पाउझेवांग यांच्यावर वारंवार घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार नाही, कारण शेवेनबोर्नच्या कथेत वाचकाला श्वास घ्यायलाही लेखिका जागा ठेवत नाही आणि काही प्रसंगांत शोकांतिकेपेक्षा शिक्षेचा सूर अधिक लागतो. तरीही भीती पुस्तकाने पेरली असे म्हणणे कठीण आहे. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जॉन मॅक आणि त्यांचे सहकारी विल्यम बेअर्डस्ली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शाळकरी मुलांना अणुयुद्धाविषयी प्रश्न विचारले, तेव्हा आपण मोठे होऊ याचीच खात्री नसलेली मुले त्यांना भेटली. ही भीती आधीच तेथे होती आणि घरात तिच्याविषयी बोलणारे कोणी नव्हते.

मोठ्यांच्या विश्वासार्हतेच्या प्रश्नाला जपानमध्ये आणखी एक पदर आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी हिरोशिमाच्या मध्यभागी, हवाई हल्ल्यांत आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे काढण्याच्या कामाला शाळांतील बारा-तेरा वर्षांची मुले जुंपलेली होती, आणि बॉम्बने त्यांतील हजारो मुले मारली. म्हणजे मोठ्यांच्या युद्धात कोवळी शरीरे साधनासारखी वापरली जाणे हा तेथे कल्पनेचा विषय नव्हता. हिदेआकी अन्नो यांची १९९५-९६ मधील ‘निऑन जेनेसिस इव्हान्जेलियन’ ही २६ भागांची ॲनिमेशन मालिका, जी कोबेचा भूकंप आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूचा हल्ला ज्या वर्षी झाला त्याच वर्षी सुरू झाली, ती याच ठिकाणी बोट ठेवते. तिच्यात मानवजात वाचवणारी अवाढव्य यंत्रे फक्त चौदा वर्षांची मुलेच चालवू शकतात, आणि शिंजी या मुलाला यंत्रात बसण्याचा हुकूम देणारा संस्थाप्रमुख त्याचा बापच असतो. जग वाचवायचे आहे म्हणून मुलाला बोलावले जाते, मुलगा हवा आहे म्हणून नव्हे, आणि शिंजी हे ओळखून आहे.

२००८ मध्ये सुझॅन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ आल्यानंतर अमेरिकी प्रकाशनव्यवसायात या प्रकाराची जी लाट उसळली तिच्याविषयी थोडक्यात बोललेले पुरे. डिस्टोपिया, म्हणजे आदर्श समाजाच्या कल्पनेला उलटी करून रचलेला दडपशाहीचा समाज, हा तिचा साचा होता. कॉलिन्स यांच्याकडे युद्ध आणि दूरचित्रवाणी यांच्या संबंधाविषयी खरोखर काही सांगण्यासारखे होते, पण त्यांच्या मागून आलेल्या अनेक त्रिखंडी कादंबऱ्यांत प्रलय नेपथ्यात ढकलला गेला आणि समोर उरली ती निवडलेली नायिका, दोन प्रियकर आणि उलथवण्याजोगे एक सरकार. शत्रूला चेहरा मिळाला की तो मारता येतो आणि शेवटच्या खंडात मारला जातोच. समुद्राची वाढलेली पातळी अशी मारता येत नाही. या लाटेतला ठळक अपवाद पाओलो बाचिगालुपी यांच्या ‘शिप ब्रेकर’ (२०१०) या कादंबरीचा. तिच्यात वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावर नेलर हा मुलगा गंजलेल्या तेलवाहू जहाजांच्या अरुंद नळकांड्यांतून सरपटत तांब्याच्या तारा ओरबाडतो, आणि त्याची सर्वांत मोठी धास्ती ही की अंग वाढले तर तो या कामाला निरुपयोगी होईल. वाढण्याचेच भय वाटावे असे जग एवढ्या एका तपशिलाने उभे राहते. अलंग किंवा चितगावच्या किनाऱ्यावर जहाजे तोडली जाताना ज्याने पाहिली आहेत त्याला ते जग भविष्यातले वाटणार नाही.

प्रलय कोणाचा, हा प्रश्न शेरी डिमलाइन यांच्या ‘द मॅरो थीव्ह्ज’ (२०१७) या कॅनेडियन कादंबरीने विचारला. हवामानाच्या विध्वंसानंतर बिगर-आदिवासी समाजाची स्वप्ने पाहण्याची शक्ती नष्ट झाली आहे, ती आदिवासींच्या अस्थिमज्जेत शिल्लक आहे असे आढळल्याने त्यांची शिकार सुरू होते, आणि पकडलेल्यांना जेथे नेले जाते त्या इमारती जुन्या निवासी शाळांच्या नमुन्यावर उभारलेल्या असतात. मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा विसरायला लावणाऱ्या अशा शाळा कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत प्रत्यक्षात होत्या. डिमलाइन स्वतः मेती या कॅनडातील आदिवासी समाजातील आहेत. पळत्या टोळीतला फ्रेंची हा मुलगा म्हाताऱ्यांकडून मूळ भाषेचे शब्द हावरेपणाने वेचतो, कारण त्याच्या लोकांचे जग यापूर्वीच एकदा संपलेले आहे आणि संपल्यानंतर कसे जगायचे याची माहिती फक्त त्या म्हाताऱ्यांजवळ आहे. मोठ्यांवर विश्वास ठेवता येतो असे सांगणारी या चर्चेतील ही एकमेव कादंबरी आहे, आणि तिच्यातले मोठे हे विनाशाचे कर्ते नसून त्याचे बळी आहेत, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

मराठी वाचकाच्या मनात प्रलयाची विज्ञानकथा जयंत नारळीकर यांच्या कथांशी जोडलेली आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिक गुप्तपणे दूर सारतात, असे त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत घडते. संकट खरे असते, पण ते ओळखणारे आणि निवारणारे मोठे जाणते असतात आणि मुलांना त्याची झळही लागत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध विज्ञाननिष्ठा रुजवण्याच्या काळात तो विश्वास आवश्यक होता. आजची मुले मात्र त्या विश्वासाबाहेर गेलेली दिसतात. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतासह दहा देशांतील सोळा ते पंचवीस वर्षांच्या दहा हजार तरुणांना हवामानबदलाविषयी विचारले गेले, त्यांपैकी ७५ टक्क्यांना भविष्य भयावह वाटत होते आणि निम्म्याहून अधिकांनी मानवजातीचा विनाश अटळ असल्याच्या विधानाला होकार दिला.

अशा वाचकाला धीर देण्याच्या हेतूने लिहिलेली प्रलयकथा त्याला पहिल्या प्रकरणातच खोटी वाटते. ओब्रायन आणि पाउझेवांग यांची पुस्तके आज चाळीस-पन्नास वर्षांनंतरही टिकून आहेत ती त्यांतील विज्ञानामुळे नव्हे, तर दोन्ही लेखकांनी आपल्या वयाच्या माणसांना माफी दिली नाही म्हणून. मराठीत कुमारांसाठी असे लेखन करू पाहणाऱ्या लेखकांनी आणि अनुवादकांनी शेवट गोड करण्याचा मोह टाळावा, आणि मुलांच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी ते एकदा स्वतः, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून, वाचावे.